भंगारातल्या आयपॅडचा ८२ इंची पडदा

आधीच सांगतो, मी इंजिनिअर वगैरे नाही. देवगडात माझं झेरॉक्स आणि मोबाइल रिपेअरिंगचं दुकान आहे, घरची थोडी कलमं आहेत, बास. पण पावसाळ्यात आमच्याकडे हाताला काम काय असतं? आंबा संपलेला, होड्या मासेमारी बंदीमुळे वर ओढून माडाच्या झापाखाली ठेवलेल्या, शाळा सुरू झाल्या की आठ दिवस झेरॉक्सला गर्दी आणि मग त्या पावसात कोण येतंय दुकानात. त्यामुळे जून-जुलैत मला हमखास काहीतरी खूळ लागतं. एका वर्षी मधमाश्यांच्या पेट्या, एका वर्षी जुन्या मोटरवर चालणारं नारळ सोलायचं मशीन (त्याबद्दल न बोललेलं बरं). यंदाचं खूळ प्रोजेक्टर.

त्याला कारण पण आहे. मे २०२१ च्या तौक्ते वादळात माजघरावरची कौलं उडाली, टीव्हीवर रात्रभर पाणी पडलं, आणि त्यानंतर घेतलेला ३२ इंची टीव्ही तोच आजपर्यंत चालू आहे. एरवी पुरतो. पण गणपतीला मुंबईहून सगळे चाकरमानी आले की घरात २५-३० माणसं, पोरं पुढे आडवी पडलेली, मागच्यांना पोरांची डोकीच दिसतात आणि काकी पार दाराजवळच्या बाकड्यावरून दर दोन मिनिटांनी विचारणार, "आता काय झाला रे?" मागच्या गणपतीत डोंबिवलीचा चुलत भाऊ ऑनलाइन घेतलेला एक छोटा प्रोजेक्टर घेऊन आला. खोक्यावर हे मोठ्या अक्षरात 'फोर के'. लावला तर आरतीच्या पुस्तकातली अक्षरंसुद्धा धड वाचता येईनात. मी म्हटलं खोलून बघू का, तो नको नको म्हणेपर्यंत स्क्रू निघाले होते.

आत काय असावं? एक छोटा एलसीडी पडदा, मागे एक एलईडी, दोन प्लास्टिकच्या खाचावाल्या भिंगाच्या चकत्या, पुढे एक भिंग, दोन पंखे. संपलं. आणि पडदा होता १२८० बाय ७२० पिक्सेलचा, म्हणजे ठिपक्यांचा, फोर केला लागतात त्याच्या नऊपट. 'फोर के' म्हणजे फोर केचा व्हिडिओ आत घेतो, आणि दाखवतो मात्र त्याच्या ऐपतीप्रमाणे. म्हणजे पाहुणे पंगतीला शंभर बोलवायचे आणि पानं मांडायची अकरा. पण मला त्या रात्री झोप लागली नाही, कारण आतलं एकूण एक सामान माझ्या दुकानातल्या भंगारातून निघण्यासारखं होतं, आणि पडदा तर त्याच्यापेक्षा कितीतरी चांगला.

पहिला प्रयत्न फुकट गेला ते सांगतो म्हणजे कोणी परत तेच करू नये. दुकानात एक १५.६ इंची लॅपटॉपचा पडदा पडलेला. लॅपटॉपचे बरेच पडदे मॅट असतात, म्हणजे वर एक खरखरीत थर असतो जेणेकरून समोरच्या बल्बचं प्रतिबिंब दिसू नये. त्यातून उजेड पाठवला की चित्र धुरकट येतं म्हणून तो थर काढावा लागतो, ओला टिश्यू पेपर तीन-चार तास ठेवायचा आणि मग कोपऱ्यातून हळूहळू सोलायचा. मला घाई. दीड तासातच नखं घातली आणि खालची पोलरायझरची फिल्म (एकाच दिशेने कंप पावणारा उजेड पुढे सोडणारी) पण सोबत आली. बघतो तर पडदा नुसता पांढरा फटक. पडदा मेला म्हणून शिव्या घालत होतो तेवढ्यात भाचा त्याच्या बापाचा गाडी चालवायचा गॉगल घालून आला आणि म्हणाला मामा, चित्र दिसतंय की! खरंच दिसत होतं. एलसीडी स्वतः उजेड अडवत नाही, तो फक्त उजेडाच्या कंपनाची दिशा पिळतो, अडवायचं काम पुढची पोलरायझर फिल्म करते, आणि ती मी सोलून टाकली होती. गॉगल पोलराइज्ड होता म्हणून त्याने तेच काम केलं. पुढचा अर्धा तास घरातले सगळे आळीपाळीने गॉगल घालून पांढऱ्या काचेत बघत बसले. प्रोजेक्टर म्हणून मात्र तो पडदा बाद. आणि नंतर कळलं की तो तसाही बाद होता, कारण माझ्याकडे जे भिंग येणार होतं त्यात तो मावलाच नसता.

मग आयपॅड. २०१२ साली आलेला तिसरा आयपॅड आठवतो का, पहिला रेटिना, म्हणजे एकदम बारीक पिक्सेलच्या पडद्याचा? कणकवलीच्या एका ओळखीच्या रिपेअरवाल्याकडे तसला एक पडून होता, टचची काच चुरा झालेली, बोर्ड मेलेला. त्या मॉडेलमध्ये वरची टचची काच आणि आतला एलसीडी चिकटवलेले नसतात, मधे हवेची फट असते, त्यामुळे काच फुटली तरी आतला पडदा बऱ्याचदा शाबूत राहतो. पडदा ९.७ इंच, २०४८ बाय १५३६, आणि वरून चकचकीत, म्हणजे सोलायची भानगड नाही. दिसायचा भाग मोजून १९६.६ बाय १४७.५ मिलिमीटर. ह्या पडद्याला एचडीएमआय लावता येईल असा तयार बोर्ड ऑनलाइन मिळतो, तो मागवला, टेबलावर जोडला, आणि चित्र आलं तेव्हा एकदम शाळेत पहिला आल्यासारखं वाटलं.

आता ह्याचा मागचा दिवा काढायचा. मागून पत्रा उघडला की आत थरावर थर, पापडाच्या उतरंडीसारखे: पांढरा कागद, मग जाड पारदर्शक प्लास्टिकची पाटी जिच्या कडेला एलईडी असतात, मग उजेड पसरवणाऱ्या आणि वळवणाऱ्या तीन-चार फिल्म. हे सगळं काढून टाकायचं, शेवटी हातात राहते ती नुसती काच, बोटाच्या नखापेक्षा थोडी जाड, आणि तिच्या खालच्या कडेला केसासारख्या तारांच्या रिबिनीने जोडलेली एक बारीक पट्टी. ती पट्टी पडद्याच्या मागे दुमडलेली असते, उजेडाच्या वाटेत येते म्हणून सरळ करावी लागते. इथे माझा श्वास बंद होता. कॅप्टॉन टेप (बोर्डाच्या कामातली पिवळट चिकटपट्टी), खाली पुठ्ठ्याचा आधार, सगळं केलं, तरी एक तार गेलीच. डावीकडून साधारण चार बोटांवर एक उभी हिरवी रेघ. बारीक आहे पण आहे. तेव्हापासून ती रेघ आमच्या घरातली एक मेंबर आहे.

भिंग कुठून आणायचं हा पुढचा प्रश्न, आणि ह्याचं उत्तर कोकणातल्या प्रत्येक तालुक्यात कुठल्यातरी कपाटावर धूळ खात पडलेलं असतं. ओएचपी, म्हणजे ओव्हरहेड प्रोजेक्टर. आठवत असेल, सर प्लास्टिकच्या कागदावर स्केचपेनने लिहायचे आणि ते मागच्या भिंतीवर यायचं. एका भंगारवाल्याकडे तीन ओएचपी आडवे पडलेले मिळाले, त्यातला एक किलोच्या भावाने घेतला. वरच्या काचेखाली एक मोठं चपटं भिंग असतं, सुमारे २८५ मिलिमीटर चौरस, त्यावर ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या गोल गोल खाचा. ह्याला आम्ही सगळे फ्रेस्नेल म्हणायचो, खरा उच्चार फ्रेनेल. हा फ्रेंच माणूस, आणि त्याने ही युक्ती काढली ती दीपगृहासाठी, १८२० च्या दशकात. जाडजूड भिंगाचा मधला मालमसाला काढून टाकायचा आणि फक्त वाकलेला पृष्ठभाग कड्याकड्यांनी ठेवायचा, म्हणजे वजन नाही पण उजेड तसाच वळतो. लहानपणापासून रात्री किल्ल्याकडच्या दीपगृहाचा झोत फिरताना बघितलाय, त्याच्यामागची युक्ती माझ्या टेबलावर किलोच्या भावाने येऊन पडली होती. माझ्या ओएचपीत तसे दोन पत्रे होते, खाचा एकमेकांकडे तोंड करून कडेने टेपने चिकटवलेले. हे महत्त्वाचं, पुढे येतो.

वरच्या मुंडक्यातलं भिंग वेगळं काढलं. त्याचं फोकल लेंथ (नाभीय अंतर) कुठे लिहिलेलं नव्हतं, पण ते मोजायला काही लागत नाही. दुपारी दुकानाच्या अंधाऱ्या बाजूला भिंतीसमोर भिंग धरलं, दाराबाहेरच्या माडाचं उलटं चित्र भिंतीवर स्पष्ट आलं तेव्हा टेप लावली, ३१५ मिलिमीटर. आता दहावीच्या विज्ञानातलं भिंगाचं सूत्र. तेव्हा मार्कांसाठी पाठ केलं होतं, आयुष्यात उपयोग पडेल असं वाटलं नव्हतं. भिंत भिंगापासून ३ मीटर लांब हवी असेल तर पडदा भिंगापासून ३५२ मिलिमीटरवर, आणि चित्र साडेआठ पट मोठं. म्हणजे भिंतीवर १६७ सेंटिमीटर रुंद, १२५ उंच, कर्ण ८२ इंच. आडवा व्हिडिओ असला तर वरखाली काळ्या पट्ट्या जाऊन ७५ इंच. एक पिक्सेल भिंतीवर ०.८ मिलिमीटरचा होतो. चांगल्या डोळ्याला ३ मीटरवरून साधारण तेवढंच बारीक वेगळं दिसतं, म्हणजे बाकड्यावरून बघणाऱ्याला पिक्सेल दिसणारच नाही. मी हिशोब तीनदा केला. बायको म्हणाली, घराच्या लोनचा पण एवढा केला नव्हता.

पहिली टेस्ट सरळ ओएचपीवरच घेतली. पडदा काचेवर ठेवला आणि ओएचपीचा मूळ दिवा लावला, २४ व्होल्ट २५० वॅटचा हॅलोजन. (१९९० च्या आसपास ओएचपीवर ठेवायचे असे तयार एलसीडी पॅनेल विकतच मिळायचे, म्हणजे माझी आयडिया काही जगावेगळी नाही.) चित्र आलं! रंग, बारकावे, सगळं. सगळे खूश. सहा-सात मिनिटांनी चित्राच्या मध्यभागी एक काळपट ढग उगवला आणि आपल्याकडे जूनच्या पहिल्या आठवड्यात समुद्रावरून आभाळ भरून येतं ना, तसा तो पसरत गेला. मी झटकन स्विच बंद केला. मला वाटलं जळला, साडेतीन हजारांचा बोर्ड आणि आठवड्याची मेहनत गेली. पण थंड झाल्यावर परत लावला तर ढग गायब. झालं काय होतं, लिक्विड क्रिस्टल एका मर्यादेपलीकडे तापलं की त्यातले रेणू रांगेत उभे राहायचं सोडून देतात, साधं द्रव होऊन जातं, मग ते उजेड पिळू शकत नाही. थंड झालं की परत रांगेत. पण हे रोज करत राहिलात तर पोलरायझर पिवळे पडून पडदा कायमचा जातो.

आणि इथेच मला खरी गोष्ट कळली. मी इतके दिवस रिझोल्युशन, रिझोल्युशन करत होतो, आणि प्रश्न होता उजेडाचा.

बघा, मागून उजेड आला की पहिली पोलरायझर फिल्म निम्म्याहून जास्त खाऊन टाकते. त्याच्यापुढे रंगाच्या जाळ्या, लाल चौकोनातून फक्त लाल जातो, हिरव्यातून हिरवा, म्हणजे उरल्यातला दोन तृतीयांश गेला. त्याच्यापुढे प्रत्येक चौकोनाभोवती तारा आणि ट्रान्झिस्टर, ते अपारदर्शक. शेवटी अशा पडद्यातून शंभरातले चार-पाचच भाग पलीकडे जातात, बाकीच्याची नुसती ऊब. आणि जितकं रिझोल्युशन जास्त तितकं हे वाईट. आमच्या आयपॅडचे पिक्सेल ३१ लाख ४५ हजार, प्रत्येकाचे तीन रंग म्हणजे ९४ लाखांवर खिडक्या. त्याच भिंतीत खिडक्या वाढवत गेलात की शेवटी चौकटीच जास्त आणि उजेड कमी, तसं. म्हणजे जो पडदा बारीक दाखवतो तोच उजेड जास्त खातो, आणि दिवा मोठा करायला जावं तर पडदा तापतो. ह्या कात्रीत सगळा प्रोजेक्ट आहे. बाकी सगळं सुतारकाम.

हॅलोजन काढून १०० वॅटची सीओबी एलईडी घेतली. पिवळ्या गोळीसारखा चौकोन असतो, आत दहा बाय दहा बारीक एलईडी, साधारण ३२ व्होल्ट, ३ अँपियर. हॅलोजनच्या झोतात उष्णता खूप असते, एलईडीची उष्णता मागे निघते, तिथे जुन्या कॉम्प्युटरचा पंखावाला हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) लावला की काम झालं. (चालू असताना तिच्याकडे बघू नका, मी एकदा बघितलं आणि संध्याकाळपर्यंत गिऱ्हाइकाच्या तोंडावर जांभळा चौकोन दिसत होता. आणि एलईडीला वीज पुरवणारा ड्रायव्हर २३० व्होल्टवर चालतो, हीटसिंकला अर्थिंग दिल्याशिवाय हात लावायचा नाही, पोरं आसपास असतील तर मुळीच नाही.) पाकिटावर ९,००० ल्युमेन (एकूण उजेडाचं माप) लिहिलंय. त्यातला निम्मा जेमतेम भिंगाकडे वळतो, त्यातले चार-पाच टक्के पडद्यातून जातात, पुढचं भिंग आपली दलाली घेतं, कागदावरच्या हिशोबाने भिंतीवर पोचायला हवेत शंभर-दीडशे. वाशीला आंब्याची पेटी पाठवल्यावर हातात पट्टी येते ना, हमाली, तोलाई, भाडं, कमिशन, तसाच प्रकार. मोबाइलच्या अ‍ॅपने मोजलं तर मधोमध ३८ लक्स (चौरस मीटरवर किती उजेड पडतो त्याचं माप). थिएटरच्या पडद्याचा हिशोब केला तर तिथे साधारण १५० लक्स पडतो. म्हणजे आपण पाव थिएटर. अंधार असेल तर पुरतं, नसेल तर काही दिसत नाही.

मग ते चिकटवलेले दोन पत्रे वेगळे केले. एक पडद्याच्या मागे, तो दिव्याचा पसरलेला उजेड सरळ करून पडद्यावर पाठवतो. दुसरा पडद्याच्या पुढे, तो सरळ आलेला उजेड गोळा करून भिंगाच्या तोंडात घालतो. पडद्याला अगदी चिकटून पत्रा ठेवला तर खाचा आणि पिक्सेल एकमेकांवर येऊन चित्रावर लाटा दिसतात, रेशमी साडी दुमडून धरली की दिसतात तशा. दोन सेंटिमीटर लांब ठेवला की जातात. आणि त्या दोन सेंटिमीटरच्या फटीतूनच १२० मिलिमीटरच्या पंख्याची हवा सोडली, म्हणजे पडदा दोन्ही अंगांनी थंड. एका दगडात दोन पक्षी, हे मात्र माझं स्वतःचं डोकं, कोणी शिकवलं नाही. दिवा बंद केल्यावरही पंखा दोन-तीन मिनिटं चालू ठेवायचा, हा आता घरात कायदा आहे.

खोकं आधी आंब्याच्या जुन्या लाकडी पेटीचं केलं, फोटोत झकास दिसत होतं, पण फळ्यांच्या फटीतून खोलीभर उजेडाच्या पट्ट्या. मग प्लायवुड, आतून फळ्याचा काळा रंग, भिंग पुढेमागे सरकवायला चार इंची पीव्हीसी पाइप आणि त्याचा कपलर. लांबी साधारण पाऊण मीटर. बायको त्याला तिरडी म्हणते, मी काही बोलत नाही.

लावलं. चित्र आलं, फोकस झालं, आणि सगळं आरशातलं! दुकानाच्या नावाची पाटी उलटी. ओएचपीच्या मुंडक्यात एक आरसा असतो तो मी काढून टाकला होता, आणि तो नुसता दिशा बदलायला असतो असं मला वाटत होतं. तो डावं-उजवं पण सरळ करत असतो. दोन दिवस सॉफ्टवेअरमध्ये सेटिंग शोधत बसलो. मग रात्री जेवताना लक्षात आलं की पडद्यालाच पाठीपोट फिरवला तर? उजेडाला काय, तो पुढून येतो का मागून, पडद्याला फरक पडत नाही. पडद्याचं तोंड दिव्याकडे केलं, खालची बाजू वर, आणि सगळं सरळ. सांडग्याची मिरची पानातच टाकून उठलो होतो, ती मांजराने पण खाल्ली नाही.

गणपतीपर्यंत तयार झाला खरा, पण आमच्याकडच्या हवेचा हिशोब मी धरला नव्हता. श्रावणात प्लाय फुगला. ३५२ मिलिमीटरमधले दोनतीन इकडेतिकडे झाले की ३ मीटरवर सगळं धूसर, आणि एक कोपरा वाकल्यामुळे एकीकडे फोकस केला की दुसरीकडे जातो. भिंगावर बुरशीचे बारीक ठिपके. बोर्डाच्या कनेक्टरवर खाऱ्या हवेने हिरवट थर, त्यामुळे मधेच चित्र थरथरायचं, तो आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि टूथब्रशने घासला. नंतर प्लायला सगळीकडून प्रायमर मारला, भिंग बिस्किटाच्या डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवतो. पापड, सांडगे आणि माझं भिंग तिघं एका फळीवर आहेत.

चित्र ज्याच्यावर पडतं त्या पडद्याचं पण एक रामायण झालं. आमची भिंत जांभ्याची, वर चुना, आणि जांभ्याचे खड्डे चित्रात बरोब्बर दिसतात, प्रत्येकाच्या तोंडावर देवीचे वण. आजोबांचं धोतर लावलं तर अर्धा उजेड आरपार मागच्या परसात. मग भाच्याने कुठूनतरी वाढदिवसाचा एक भलामोठा फ्लेक्स आणला आणि उलटा टांगला, पाठ पांढरीशुभ्र, ताणून बांधला की सुरकुती नाही. झकास! फक्त चित्र उजळ असलं की काही नाही, पण प्रसंग अंधारा आला की मागून फ्लेक्सवरचे भाऊ हात जोडून हळूच प्रकट व्हायचे. दोन रात्री सहन केलं. शेवटी फ्लेक्सच्या पाठीला पांढरा मॅट डिस्टेंपर दोन हात मारला आणि भाऊ कायमचे गेले.

गणपतीत पावसामुळे माजघरातच झालं सगळं, ते ठीकच, ३ मीटर जेमतेम मिळाले आणि उकाड्याने पोरं रडली. खरी मजा तुळशीच्या लग्नानंतर. भात घरात आलं, खळं नव्याने सारवलं, आभाळ मोकळं. पौर्णिमेच्या आसपासची रात्र होती आणि सगळे म्हणत होते चांदण्यात काय दिसणार, पण पूर्ण चंद्राचा उजेड फार तर पाव लक्सच्या आसपास असतो, माझे ३८ आहेत. चंद्राचं टेन्शन नाही. टेन्शन होतं आमच्या दारासमोरच्या खांबावरच्या नव्या एलईडी दिव्याचं, तो थेट पडद्यावर. बंद करायची सोय नाही, सकाळ झाल्यावरच विझतो. त्यावर उपाय बाबांनी काढला, दोन बांबू आणि माडाच्या झावळांचे विणलेले झाप त्या बाजूला उभे केले, दहा मिनिटांचं काम. एवढी इलेक्ट्रॉनिक्सची खटपट मी केली आणि चित्राचा कॉन्ट्रास्ट वाढवला तो झापांनी.

भाच्याने मागच्या जत्रेतला दशावतार मोबाइलवर फोर केमध्ये शूट केलेला, तो लावला. बारकावे बघून मीच गप्प झालो, राजाच्या तोंडावरचा रंग घामाने कुठे तडकलाय ते दिसत होतं, पेटीवाल्याच्या बोटातली अंगठी दिसत होती. मग संकासूर आला. आता संकासूर म्हणजे दशावतारातला राक्षस, काळाकुट्ट, लाल जीभ बाहेर. आणि एलसीडीचं दुखणं म्हणजे काळं कधी पूर्ण काळं होत नाही, खिडकी बंद केली तरी फटीतून थोडा उजेड येतोच, वर खळ्यातला इकडचा तिकडचा उजेड पडद्यावर पडलेला. संकासूर राखाडी. काकी बाकड्यावरून ओरडली, "संकासूर धुवन काढलास काय रे?" आणि थोड्या वेळाने, "आणि ती हिरवी रेघ कसली?" मी म्हटलं काकी, ती जाणार नाही. "मग रवांदे. पण तो पंखो जरा गप कर, तोच जास्त बोंबलता." पंख्याचं खरं आहे. स्पीकर मोठा केला तर तेवढ्यापुरतं जातं.

किडे तर विचारू नका. पडदा सोडून दहा मीटरवर एवढा पांढरा चौकोन दुसरा नाही, त्यामुळे सगळे इथे, आणि वाशाच्या टोकावर एक पाल येऊन बसली ती शेवटपर्यंत हलली नाही. राक्षसाचा वध चालू असताना तिने मधोमध येऊन एक पाखरू उचललं, पोरांनी टाळ्या वाजवल्या.

शेवटी फोटो लावले. हे खरं तर माझ्या मनात पहिल्यापासून होतं. घरातले जुने कृष्णधवल फोटो मी दुकानातल्या स्कॅनरवर ६०० डीपीआयने (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करून ठेवलेत. पोस्टकार्डाएवढा फोटो, पण ६०० ला स्कॅन केला की रुंदी साडेतीन हजार पिक्सेलच्या आसपास येते, म्हणजे माझ्या पडद्यापेक्षा जास्त, झूम करायला वाव. मोबाइलवर हे फोटो सगळ्यांनी शंभरदा बघितलेत, "हां हां काकीचं लग्न" म्हणून अंगठ्याने पुढे सरकवलेत. काकीच्या लग्नाचा १९७८ चा ग्रुप फोटो, मांडवाखाली चाळीस-बेचाळीस माणसं, मागच्या रांगेतल्यांची तोंडं मोबाइलवर तांदळाएवढी.

पडद्यावर मीटरभर उंच तो फोटो आला आणि खळ्यात एकदम शांत झालं. मग एकेक सुरू झाले, तो अमका, ती तमकी, हा गेला, ही गेली, हा कोण कोणालाच माहीत नाही. काकी उठली, सरळ पडद्यापाशी गेली, तिची सावली निम्म्या वऱ्हाडावर पडली, सगळे मागून ओरडायला लागले बस बस म्हणून. ती ऐकते कुठे. पडद्याला नाक लावून दुसऱ्या रांगेतल्या एका बाईच्या हाताकडे बघत होती. मला म्हणाली, ह्या मोठा कर. मी झूम केलं. हात आला, हातात पाटल्या, पाटलीवरची नक्षीसुद्धा आली.

"ह्यो माझ्यो पाटल्यो," काकी म्हणाली.

डोंबिवलीच्या भावाची आई, म्हणजे आमची दुसरी काकी, तिथेच चटईवर बसली होती. ती म्हणाली काहीतरीच काय, तशा पाटल्या तेव्हा सगळ्यांकडे होत्या. काकी म्हणाली, लग्नाच्या आदल्या दिवशी हरवल्या म्हणून सांगितलं होतं मला, वरच्या पाटलीचं एक फूल मोडलेलं होतं, ह्या बघ मोडलेलं. आणि खरंच, मोडलेलं होतं. एक फूल, चार-पाच पिक्सेलचं. मी कंट्रोल दाबून पुढचा फोटो लावायचा प्रयत्न केला तर दोघी एकदम माझ्यावर ओरडल्या, तोच ठेव.

बाबा मला हळूच म्हणाले, बंद कर तुझी ती तिरडी. मी दिवा बंद केला, पंखा तेवढा चालू ठेवला. खळ्यात काळोख झाला, झापामागून खांबावरच्या दिव्याचे कवडसे तेवढे पडलेले, पोरं पेंगुळलेली, आणि पाटल्यांचा विषय पंख्याच्या आवाजावरून नीट ऐकू येत होता.